दोन बटणांचा खिसा

घरात आवाज करणाऱ्या वस्तू पाच होत्या: दारावरची बेल, शिट्टीची किटली, गजराचं घड्याळ, टेलिफोन आणि छताला चिकटवलेला धुराचा अलार्म. शिलाई मशीन धरलं तर सहा. पण त्याचा आवाज बाबांना तळपायांतून कळायचा, म्हणून ते या हिशेबात नाही. माणसं दोन, कुत्रा एक, मिळून कान सहा. त्यांतले बाबांचे दोन गेली चार वर्षं नुसते चष्मा अडकवण्याच्या कामाचे उरले होते. धाकटीचे दोन महिनाभरात तिच्याबरोबर दुसऱ्या गावी, नव्या नोकरीवर जाणार होते. म्हणजे खरी भिस्त उरलेल्या दोन कानांवर, आणि ते कुत्र्याच्या डोक्यावर होते.

कुत्रा पांढरा होता. डाव्या डोळ्याभोवती तेवढा एक तपकिरी डाग. प्रशिक्षण केंद्राच्या कागदावर त्याचं नाव सम्राट असं होतं. बाबांनी त्याला दारात पाहिलं आणि म्हणाले, “सम्राट कसला? चांगलं कापड होतं, त्याला कुणीतरी ठिगळ लावलंय.” तेव्हापासून तो ठिगळ. त्यालाही ते मानवलं असावं, कारण सम्राट म्हटल्यावर तो दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखा इकडेतिकडे बघायचा.

ठिगळ घरात आला तो एका करपलेल्या पातेल्यामुळे. बाबा खिडकीशी पाठमोरे बसून एका पँटची तुरपाई करत होते. स्वयंपाकघरात पातेलं जळून कोळसा झालं, धुराचा अलार्म बोंब ठोकत राहिला, आणि शेजारी खिडकीतून उडी मारून आत आले तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, “या, या. बेल का नाही वाजवलीत?”

दादाला हे कळलं त्या दिवशी तो ऑफिसातून तडक आला. दादा वाईट नव्हता. त्यानं आपल्या घरातली एक खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला, मगच विषय काढला.

“बाबा, तुमची खोली तयार आहे.”

“आणि टेबलाची?”

“टेबल सहा फुटी आहे, बाबा. लिफ्टमध्येसुद्धा शिरणार नाही.”

“मग मीही सहा फुटीच आहे असं समज.”

शेवटी तह झाला. केंद्रातून बहिऱ्या माणसांसाठी तयार केलेला कुत्रा आणायचा. दीड महिन्यानं केंद्रातल्या बाई परीक्षा घेणार. दहा वेळा आवाज करणार, त्यांतल्या आठ वेळा कुत्र्यानं दहा सेकंदांच्या आत येऊन बाबांच्या गुडघ्याला नाक लावायचं आणि मग आवाजाच्या दिशेनं चालायला लागायचं. जमलं तर कुत्रा इथं, बाबा इथं, टेबल इथं. नाही जमलं तर कुत्रा यादीतल्या पुढच्या माणसाकडे, बाबा दादाकडे, आणि टेबल कुठे जाईल ते कुणी बोललं नव्हतं. त्याच टेबलावर बाबांनी दोन मुलांची शिक्षणं बेतली होती आणि अजूनही ते रोज सकाळी नऊला त्याच्यासमोर उभे राहत. गिऱ्हाईक आता फार नसायचं. बाबा उभे मात्र राहत.

केंद्रात ठिगळ वर्गात पहिला होता. पण बाईंनी मध्ये एकदा येऊन तपासलं तेव्हा दहापैकी तीन. बाकीच्या वेळी तो आवाज ऐकून अगदी वेळेवर यायचा, गुडघ्याकडे ढुंकूनही न बघता बाबांच्या डाव्या चपलेवर बसायचा आणि त्यांच्याकडे प्रेमानं पाहत राहायचा.

“लळा लागलाय त्याला,” बाबा म्हणाले.

“लळा परीक्षेत धरत नाहीत,” बाई म्हणाल्या. त्यांनी हे बाबांच्या समोर तोंड करून, सावकाश म्हटलं, कारण बाबा ओठांवरून वाचायचे. त्यामुळे ते जास्तच लागलं.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना धाकटी आली. तिच्या हातात प्राणिशास्त्राची पदवी नुकतीच पडली होती आणि ती कुठे वापरू असं तिला झालं होतं. बाबा तिला शास्त्रीणबाई म्हणायचे. कौतुकानं की टिंगलीनं, हे तिनं विचारायचं सोडून दिलं होतं.

पहिल्या दिवशी तिनं कुत्र्याचे कान तपासले. मग बेलचा आवाज, मग बिस्किटांची चव, म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीनं. स्वतः तिनं एक कोपरा चाखून पाहिला आणि पुढं कुणाला सांगितलं नाही. मग ती स्वतः खुर्चीत बसली. खिशातल्या मोबाइलवरून घरचा फोन वाजवला. ठिगळ आला, गुडघ्याला नाक लावलं, तिनं तत्क्षणी बिस्कीट दिलं. दहापैकी दहा.

“कुत्र्यात काही खोट नाही, बाबा.”

“मग खोट कुणात आहे, ते सांग की स्पष्ट.”

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा ठिगळ बाबांच्या समोरून सरळ निघून गेला आणि तिच्या गुडघ्याला नाक लावून उभा राहिला.

“वा,” बाबा म्हणाले. “तीनही गेले. तू तर त्याला फितवलंस.”

तिला हसू आलं. तिनं बिस्किटांचा डबा बाबांकडे परत दिला, स्टूल ओढून कोपऱ्यात बसली आणि ठरवलं की आता काही करायचं नाही, फक्त बघायचं.

बाबा एका कोटाची कॉलर हातानं शिवत होते. तिनं खिशातला मोबाइल दाबला. फोन वाजला. ठिगळ उठला, आला, आणि या खेपेला त्यानं खरोखरच बाबांच्या गुडघ्याला नाक लावलं. अगदी वेळेवर.

“आलास का राजा? थांब हं,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी हातातला टाका पुरा केला, कारण अर्धा टाका सोडला की कापड ओढलं जातं. दोरा ताणून पाहिला. टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात सुया खोचायची उशी होती, तिथवर वाकून सुई खोचली. चष्मा कपाळावर चढवला. आणि मग जाकिटाच्या खिशाला हात घातला.

तो खिसा बाबांनी खास ठिगळच्या बिस्किटांसाठी शिवला होता. आतून मेणकापडाचं अस्तर, म्हणजे तेलकट डाग बाहेर येऊ नयेत. वर झडप. झडपेला दोन बटणं. काजं नवी होती, घट्ट होती आणि हातानं केलेली होती. बाबांची बोटं एकेकाळी झरझर चालायची. आता एका बटणाला जितका वेळ लागे तितक्यात धाकटीचा श्वास दोनदा आत-बाहेर होई.

इतक्या वेळात ठिगळनं काय काय केलं? आधी जमिनीवरचा दोऱ्याचा तुकडा हुंगला. स्वतःभोवती एक फेरी मारली. जांभई दिली. आणि कंटाळून बाबांच्या डाव्या चपलेवर बसला. बसल्याबरोबर वरून बिस्कीट आलं.

धाकटी स्टुलावरून जवळजवळ पडलीच. पदवीच्या परीक्षेत तिनं यावर चार पानं लिहिली होती. पिंजऱ्यातला उंदीर कळ दाबतो. दाणा लगेच पडला तर तो कळ दाबायला शिकतो. दाणा उशिरा पडला तर दाबणं आणि दाणा यांच्या मधल्या वेळात उंदीर आणखी दहा गोष्टी करतो, आणि दाण्याच्या अगदी आधी जी केली असेल तिलाच श्रेय मिळतं. आकृतीसकट लिहिलं होतं. फक्त त्या आकृतीत बाप नव्हता, जाकीट नव्हतं आणि काजं नव्हती.

तिनं बाबांच्या समोर जाऊन सगळं सांगितलं. बाबांनी तिच्या ओठांवरून नजर काढली नाही.

“म्हणजे मी त्याला चपलेवर बसल्याचं बिस्कीट देतोय?”

“हो.”

“आणि नाक लावल्याचं?”

“त्याच्या लेखी नाक लावल्याचं काही मिळतच नाही. तुमचा कुत्रा अगदी हुशार आहे, बाबा. तुम्ही जे शिकवलंत तेच शिकलाय.”

बाबांनी ठिगळकडे पाहिलं. ठिगळ चपलेवर बसून होता. “मला वाटलं याला माझ्या पायाशी बरं वाटतं,” ते म्हणाले. नेहमी ते मोठ्यानं बोलत, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नसे. हे मात्र हळू म्हणाले.

“बरंही वाटत असेल,” ती घाईनं म्हणाली. “ती गोष्ट वेगळी. आता एक करा. खिशाची बटणं काढा.”

“काय?”

“नुसता उघडा खिसा ठेवा. म्हणजे हात घातला की बिस्कीट.”

“उघडा खिसा म्हणजे खिसा नव्हे, भोक. बिस्किटाचा चुरा गिऱ्हाइकाच्या कोटावर पडला तर तू झटकणार आहेस?”

“बरं, मग सुई तरी टेबलावर ठेवत जा. उशीपर्यंत कशाला जाता?”

यावर बाबांनी चष्माच काढला. “हे बघ शास्त्रीणबाई, हातातून सुटलेली सुई आधी उशीत. मग पाहुणा येवो की आग लागो.”

“आग लागली होती, बाबा.”

“तेव्हाही उशीतच होती,” बाबा म्हणाले, आणि दोघंही हसले. पण बटणं जागच्या जागी राहिली आणि उशीही.

रात्रीचं जेवण होईस्तोवर तिनं डोकं खाजवलं. उशीर काढून टाकता येत नव्हता. मग उशीर राहू दे. पण बिस्कीट येतंय ही बातमी तरी वेळेवर पोचायला हवी. नाक लागलं त्याच क्षणी एक ठरावीक आवाज झाला, आणि त्या आवाजामागून दर वेळी बिस्कीट आलं, तर कुत्र्याच्या लेखी तो आवाजच अर्धं बिस्कीट होतो. मग खरं बिस्कीट सवडीनं आलं तरी चालतं.

“जिभेनं करा,” तिनं सकाळी सांगितलं. “टाळूला लावून, च्च. ऐकू नाही आलं तरी टाळूला कळेल. हात मोकळे राहतील.”

बाबांनी ते लगेच उचललं. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी ठिगळ वेड्यासारखं करायला लागला. फोन वाजलेला नसताना उठून यायचा, खिशाकडे टक लावायचा, काहीच येत नाही म्हणून परत जायचा. संध्याकाळपर्यंत त्यानं उठणंच सोडलं. बेल वाजली तरी त्यानं एक कान हलवला आणि पुन्हा टाकून दिला.

धाकटी रडायच्या बेतात होती. ती भिंतीला टेकून बसली. आणि तेव्हा तिला ऐकू आलं.

“च्च,” बाबांनी केलं. कॉलरचा टाका तिरपा गेला होता. त्यांनी तो उसवला, पुन्हा घातला. “च्च.” दोरा गुंतला. “च्च. च्च.”

ती उठून समोर गेली. “बाबा, तुम्ही काम करताना च्च च्च करता.”

“मी? कधी?”

“आत्ता. दर वाकड्या टाक्याला.”

“भलतंच. तुझी आई कधी तसं म्हणाली नाही.”

“आई म्हणायची, तुम्ही शिवायला बसलात की घरात पाल चुकचुकतेय असं वाटतं. मला वाटायचं, ती पालीबद्दलच बोलतेय.”

बाबांनी हातातली सुई उशीत खोचली. “पन्नास वर्षं?” त्यांनी विचारलं. “आणि मलाच पत्ता नाही?”

“कान होते तेव्हाही नव्हता.”

“तेव्हा मशीन चालू असायचं,” बाबा गंभीरपणे म्हणाले. मग मोठ्यांदा हसले, आणि हसताना त्यांनी पुन्हा एकदा च्च केलं. ठिगळनं आशेनं मान वर केली.

“त्याला एक द्या आता,” ती म्हणाली. “बिचाऱ्याची दिवसभर फसवणूक झालीय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. येताना त्यानं टेप आणली होती. त्याच्या खोलीत मावेल असं तीन फुटी, मिटवता येणारं टेबल त्यानं दुकानात पाहून ठेवलं होतं. फक्त बाबांना उंची किती लागते ते मोजायचं होतं. बाबांनी मोजू दिलं. मापं घेणाऱ्या माणसाला त्यांनी आयुष्यात अडवलं नव्हतं.

“टेप सैल धरलीस,” एवढंच ते म्हणाले.

“ट्रेनिंग कुणाचं चाललंय?” दादानं धाकटीला हळूच विचारलं. “कुत्र्याचं की बाबांचं?”

“दोघांचं. कुत्रा पुढं आहे.”

“हे बघ, माझीही हौस नाही गं. पण रात्री फोन करतो आणि उचलला गेला नाही की मला झोप लागत नाही.” त्यानं टेप गुंडाळली. “पास झाला तर मी स्वतः त्याला हाडं आणीन.”

“हाडं नको. फोन करत जा. सारखा करत जा. त्याला सराव हवाय.”

दादा गेल्यावर ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि बाबांच्या हातांकडे बघत राहिली. जीभ बाद झाली होती. डाव्या हातात कापड, उजव्या हातात सुई. पाय मशीनवर.

“माझ्यापाशी काही रिकामं नाही बघ,” बाबा म्हणाले.

“हे काय बोटात?”

बाबांनी उजव्या हाताचं मधलं बोट वर केलं. त्यावर पितळी अंगुस्तान होतं; सुई मागून रेटताना बोटाला टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती टोपी. ते इतकं जुनं होतं की त्याचे खड्डे झिजून गुळगुळीत झाले होते, आणि बाबा ते काढायला विसरून कधीकधी जेवायलाही बसायचे.

“सुई न सोडता टेबलाच्या काठावर आपटा.”

टक्.

ठिगळचे दोन्ही कान उभे राहिले.

“तुम्हाला कळलं का?”

“बोटात कळलं,” बाबा म्हणाले. “छान कळलं.” आणि लगेच स्वतःच शंका काढली, “पण हे मी एरवी करत नाही कशावरून?”

शंका रास्त होती. धाकटी पुढचा अख्खा दिवस नुसती कान देऊन बसली. बाबांनी च्च पुष्कळदा केलं. टक् एकदाही नाही.

मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आधी बिस्किटं बशीत, टेबलावर. टक्, बिस्कीट. टक्, बिस्कीट. मधे काहीच नाही. मग बिस्किटं खिशात, झडप उघडी. एवढ्या काळापुरतं बाबांनी भोक सहन केलं. मग एक बटण लावून. मग दोन. मग टक् केल्यावर सुई उशीत खोचून, चष्मा वर चढवून, सगळं साग्रसंगीत. अंतर इतकं हळूहळू वाढवलं की ठिगळला ते वाढल्याचा पत्ताही लागला नाही. बाबांची गाडी एकाच ठिकाणी अडायची: त्यांना आधी टाका पुरा करायचा असे.

“टाका राहू दे! आधी टक्!”

“कापड ओढलं जातं गं.”

“नाक लागलं की त्याच क्षणी, बाबा. तुम्ही एक टाका उशीर केलात की तो जांभई शिकेल.”

“म्हणजे मला बेल वाजली की जांभया देणारा कुत्रा मिळेल,” बाबा म्हणाले. “दादासारखा.”

पण ते शिकले. टाका अर्ध्यात असताना फक्त मधलं बोट वाकवायचं आणि काठावर मारायचं, एवढंच. कापड ओढलं जात नाही, हे त्यांनी दोनदा उलटसुलट करून तपासलं आणि मगच मान्य केलं.

आणि एके सकाळी दादाचा फोन वाजला. ठिगळ आला. गुडघ्याला नाक. टक्. आणि कुत्रा जागच्या जागी थबकला. दोरा हुंगला नाही, फेरी नाही, जांभई नाही. बाबांनी टाका पुरा केला, दोरा ताणून पाहिला, सुई उशीत खोचली, चष्मा कपाळावर चढवला, एक बटण, दुसरं बटण. तेवढा सगळा वेळ ठिगळ त्या खिशाकडे असा बघत होता, जसं चांगल्या शिंप्याकडे कपडा टाकलेलं गिऱ्हाईक बघतं. उशीर होणार हे त्याला माहीत होतं. मिळणार हेही माहीत होतं. बिस्कीट खाऊन तो फोनच्या दिशेनं चालायला लागला.

बाबांनी फोनजवळ जाऊन रिसीव्हर उचलला. ऐकू येणार नव्हतं, पण ते म्हणाले, “अरे, हा शिकला बघ!” आणि पलीकडून दादा बराच वेळ काहीतरी बोलत राहिला.

चपलेवर बसणं मात्र राहिलं. धाकटीनं सांगितलं होतं: त्याला टक् नाही, बिस्कीट नाही, आपोआप सुटेल. बरंचसं सुटलंही. पण दुपारी कुठलाच आवाज नसताना ठिगळ कधीकधी उगाच येऊन बाबांच्या डाव्या चपलेवर बसायचा. बाबा हात खिशाकडे नेत नसत. पायही हलवत नसत.

“आता हे फुकट करतोय ना?” त्यांनी एकदा विचारलं.

“अगदी फुकट.”

“मग बसू दे.”

परीक्षेच्या दिवशी केंद्रातल्या बाई सकाळी दहाला आल्या. त्यांनी बाबांना सांगितलं, नेहमीचं काम करत राहा, माझ्याकडे बघू नका. मग त्या बेलची सुटी कळ घेऊन स्वयंपाकघरात गेल्या; तिथून टेबल दिसत होतं. दादा रजा काढून आला होता. त्याला आणि धाकटीला दाराशी उभं केलं, हलायची बंदी घालून. बाबा एका कोटाचं अस्तर शिवत होते. त्यांची बोटं रोजच्यापेक्षा जरा जास्त सावकाश चालत होती, हे फक्त धाकटीला दिसलं.

बेल वाजली. नाक. टक्. सुई, उशी, चष्मा, बटण, बटण, बिस्कीट. मग ठिगळ दाराकडे. बाईंनी घड्याळ बघून भुवया वर केल्या, पण बोलल्या नाहीत. पुन्हा बेल. मग गजराचं घड्याळ. मग किटली. हा चौथा आवाज, आणि ठिगळ आला तो सरळ चपलेवर बसला.

दादानं डोळे मिटले. धाकटीनं ओठ घट्ट आवळले, कारण बाबा ओठ वाचतात. बाबांनी खाली पाहिलं. कुत्रा त्यांच्याकडे पाहत होता. बाबांचं मधलं बोट वाकलं आणि तसंच हवेत राहिलं. त्यांनी ते आपटलं नाही. पुढचा टाका घातला. ठिगळ अस्वस्थ झाला, उठला, एक फेरी मारली, आणि मग त्यानं गुडघ्याला नाक लावलं. टक्. पण दहा सेकंद होऊन गेले होते. बाईंनी फुली मारली.

नंतर धुराचा अलार्म झाला, फोन झाला, दोनदा बेल, पुन्हा किटली, पुन्हा घड्याळ. शेवटचा आवाज झाला तेव्हा अस्तराची एक अख्खी बाजू शिवून झाली होती. बाईंनी बाहेर येऊन खुर्ची ओढली, बाबांच्या समोर बसल्या आणि सावकाश, ओठ वाचता येतील अशा बेतानं निकाल सांगितला.

आवाज दहा. दहा सेकंदांच्या आत गुडघ्याला नाक, नऊ वेळा; लागतात आठ. नाक लागल्यापासून टक् होईपर्यंतचा वेळ, एका सेकंदाहून कमी. टक् झाल्यापासून बिस्कीट मिळेपर्यंतचा वेळ, सरासरी चौदा सेकंद.